झोपलेल्या मांजराचे श्वास मोजून ठेवा

कुत्रं जीभ बाहेर काढून धापायला लागलं तर आपण त्याच्यापुढे पाणी ठेवतो. मांजर तोंड उघडून धापायला लागलं तर रिक्षा बोलवायची असते. हा फरक मला वेळेत कुणी सांगितला असता, तर आमच्या मांजरीची, ठमीची, एक रात्र त्रासात गेली नसती.

एप्रिलमधली संध्याकाळ होती. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, आमच्या गल्लीत मासेवाली आली की ठमी तिच्याआधी दारात हजर असायची. त्या दिवशी ती आली नाही. शोधलं तर लोखंडी कॉटखाली, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी बसलेली. पण कोंबडी सैल बसते, ही ताठ होती. पुढच्या पायांची कोपरं अंगापासून सुटलेली, मान पुढे ताणलेली, आणि पोट लोहाराच्या भात्यासारखं आत-बाहेर होत होतं. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाचं झालं असंल गं. गार पाणी ठेव पुढ्यात." मी डोक्यावरून हात फिरवला तर ती घुरघुरली. मला हायसं वाटलं. घुरघुरतंय म्हणजे मांजर सुखात आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासायच्या आधी तिला ऑक्सिजन लावला आणि मग बरगड्यांमधून सुई घालून छातीतलं पाणी काढलं. पेजेसारखं पांढुरकं, चहाचे दोन कप भरतील एवढं. फुफ्फुसांना फुगायला जागाच उरली नव्हती. मूळ दुखणं हृदयाचं होतं. "हे काल रात्रीत झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बरेच दिवस साठत आलंय. झोपेत मिनिटाला किती श्वास घेते ही?"

मला सांगता येईना. तिचं वजन मला माहीत होतं, बांगडा आवडतो की तारली ते माहीत होतं. श्वास मोजायचा असतो, हेच माहीत नव्हतं. ठमी पुढे गोळ्यांवर दीड वर्ष जगली. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असावं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मांजर कण्हत नाही

मांजर दुखणं लपवतं. धाप लागली की ते हालचाल कमी करतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, खाणं टाळतं. कमी हललं की कमी हवा लागते, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. घरच्यांना वाटतं, आज जरा सुस्त आहे. हृदयाच्या आजारात कुत्रं बऱ्याचदा खोकतं, मांजर सहसा खोकतही नाही. त्यामुळे मांजराची धाप आपल्या डोळ्यांना दिसते तेव्हा त्याच्याजवळची शिल्लक जवळपास संपलेली असते. "उद्या सकाळी बघू" हे वाक्य माणसाच्या सर्दीला चालतं, मांजराच्या धापेला चालत नाही.

मग आधी कळायचं कसं? झोपेतल्या श्वासावरून. जागं मांजर सोंग आणतं, झोपलेल्याला ते जमत नाही.

मोजायचं कसं

मांजर गाढ झोपलेलं असताना जवळ बसा. हात लावू नका, हाक मारू नका. छातीची नाहीतर कुशीची वर-खाली बघत राहा. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. मोबाइलवर ३० सेकंद लावा, आलेला आकडा दुप्पट करा. पूर्ण मिनिट मोजलंत तर उत्तमच.

निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतं. पण तुमच्या मांजराचा आकडा त्यात नेमका कुठे बसतो, ते तुम्हीच शोधायचं. चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा आणि लिहून ठेवा. आमच्याकडे हे आकडे कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी असतात. एखाद्याचा नेहमीचा आकडा १८ असेल, एखाद्याचा २६. ज्याचा १८ आहे ते २८ वर गेलं, तर ३० च्या आत असूनही तुमचे कान टवकारायला हवेत.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. घुरघुरत असेल तेव्हा मोजू नका, आकडा चुकतो. स्वप्नात मिश्या आणि पंजे थरथरत असतील तेव्हा श्वासही वेडावाकडा होतो, तेवढं होऊन जाऊ द्या. खेळून किंवा उन्हातून आल्याबरोबरचा आकडा धरू नका. पिल्लांचा श्वास थोडा जलद असतो.

आता नियम. झोपेतला आकडा ३० च्या वर दिसला तर अर्ध्या-एक तासाने पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर असेल तर पुन्हा मोजत बसू नका, निघा.

आकडा न बघता निघायचं, ती लक्षणं

खाली दिलेल्यांपैकी एक जरी दिसलं तरी मोजण्यात वेळ घालवू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन उचला.

• तोंड उघडून श्वास घेणं आणि ते एक-दोन मिनिटांत न थांबणं.
• श्वासागणिक पोट जोराने आत-बाहेर होणं. छाती वर जाताना पोट आत ओढलं जात असेल तर धोका आणखी मोठा.
• कोपरं अंगापासून लांब, मान ताणलेली, आणि कुशीवर आडवं होताच न येणं. झोप आलेली असते, डोकं खाली जातं, पुन्हा दचकून उठतं.
• जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी, चुन्यासारख्या पांढऱ्या किंवा काकवीसारख्या तपकिरी दिसणं. काही मांजरांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांची जीभ बघा. त्यासाठी जबडा बळजबरीने उघडू नका.
• श्वास घेताना शिट्टीसारखा, घोरल्यासारखा किंवा घरघरीचा नवा आवाज.
• नाकपुड्या फुलणं, तोंडातून फेस किंवा रक्त येणं.
• मागचे पाय अचानक लुळे पडणं, पंजे गार लागणं आणि मांजर मोठ्याने ओरडणं. घरचे समजतात, गाडीखाली आलं. पण हृदयातली रक्ताची गुठळी सरकून पायांकडे जाणारी रक्तवाहिनी बंद झाली, तरी नेमकं असंच दिसतं. सोबत बऱ्याचदा धाप असते.
• कोसळणं, हाकेला कान न हलवणं.

फसवणारी चिन्हं

प्रत्येक उघडं तोंड म्हणजे संकट नव्हे. दुसऱ्या मांजराने खूण केलेल्या जागी नाक लावून आपलं मांजर क्षणभर तोंड अर्धवट उघडून, ओठ वर ओढून, तंद्री लागल्यासारखं थांबतं. ते वास चाखणं आहे. श्वास शांत असतो आणि काही सेकंदांत तोंड मिटतं. तरुण मांजर जिन्यावरून दहा फेऱ्या मारून आलं किंवा रिक्षात घाबरलं तर थोडं धापेल, पण जागेवर बसल्यावर एक-दोन मिनिटांत शांत व्हायला हवं. तसं वारंवार होत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

उलट बाजूची फसगत जास्त महाग पडते. घुरघुर हे सुखाचं लक्षण आहेच, पण दुखणाईत मांजरही स्वतःला धीर दिल्यासारखं घुरघुरतं. दुसरी फसगत केसांच्या गोळ्याची. मांजर जमिनीलगत बसून, मान सरळ पुढे काढून ढास लागल्यासारखं खोकतं, शेवटी गिळल्यासारखं करतं आणि चालू लागतं. आपण म्हणतो, केस अडकलेत. केसांचा गोळा येताना पोट उमळून येतं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. ढास लागते पण बाहेर काहीच येत नाही, आणि हे आठवड्यात दोन-तीनदा होतं, तर तो दमा असू शकतो. त्या क्षणी मोबाइलवर चित्रण करून ठेवा. दवाखान्यात गेलं की मांजर हमखास खोकायचं थांबतं.

पर्शियन मांजर पाळणारे सांगतात, "आमचं पहिल्यापासून घोरतंच." चपट्या नाकामुळे घोरणं असतं, खरं आहे. पण घोरणं वाढलं, जागेपणीही ऐकू यायला लागलं, तर "पहिल्यापासून" हा शब्द विसरा. उन्हाळ्यात याच मांजरांना आधी त्रास होतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत राहिलेलं मांजर धापत असेल तर सावलीत आणा, पंजे, कान आणि पोट साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा आणि लगेच निघा. बर्फ लावू नका.

आपल्या घरात आणि परिसरात दडलेली कारणं

हृदयाचे स्नायू जाड होणं, छातीत पाणी किंवा पू साठणं, दमा, न्यूमोनिया, ही नावं डॉक्टर तपासून सांगतील. साधारण दोन वर्षांच्या आतल्या मांजराला ताप, रोडावलेलं अंग, फुगलेलं पोट आणि धाप असेल तर मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणाऱ्या एफआयपी या आजाराचाही विचार होतो. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही. पूर्वी या आजाराचं नाव ऐकलं की आशा सोडत. आता विषाणूविरोधी औषधांनी यातली अनेक मांजरं बरी होतात, मात्र उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

काही कारणं मात्र डॉक्टरांना दिसत नाहीत. ती आपणच सांगायची असतात.

*धूर.* साखर हंगामात शेतात पाचट पेटवलं की जळकी काडी थेट शहरातल्या गच्चीवर येऊन पडते. घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल. दिवाळीत फटाके. दम्याच्या मांजराला यातलं काहीही पुरतं. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी वाढतो, हे आठवून सांगा.

*पडणं आणि चेचणं.* तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेलं किंवा दुचाकीचा धक्का बसलेलं मांजर उठून चालतं, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण आत फुफ्फुसातून हवा गळत असते, किंवा छाती आणि पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असतात. धाप काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दिसते. कुत्र्याने धरलेल्या मांजराचंही तसंच. कातडीवर दोन टोचे दिसतात, आत बरगडी मोडलेली असते.

*गोळ्या.* ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल दिली, ही चूक अजूनही घरोघर होते. माणसाचं यकृत ती गोळी निकामी करतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. अर्धी गोळीसुद्धा जीवावर बेतू शकते. दिली असेल तर लाज न बाळगता सांगा. त्यावर उतारा आहे, पण वेळेत गेलात तर.

*विष.* उंदराच्या औषधाने मेलेला उंदीर खाल्ला, तर पुढच्या काही दिवसांत छातीत रक्तस्राव होऊ शकतो. गाई-म्हशींच्या किंवा कुत्र्यांच्या गोचिडांवरचं औषध मांजराला लावलं तर थरथर, लाळ, झटके आणि धाप लागते. शेतावरच्या मांजराला फवारणीचं औषध बाधतं. पावसाळ्यात करवीर, पन्हाळा, शिरोळकडच्या वस्त्यांवर मण्यार आणि नाग निघतात. चावा दिसत नाही, मांजर लडखडतं, पापण्या मिटतात आणि श्वास मंदावत जातो. डबा, पुडी किंवा बाटली सोबत न्या.

*कच्ची कोंबडी.* डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पुढच्या काही आठवड्यांत राज्याच्या सीमेपलीकडच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तोच विषाणू सापडला. चिकनच्या दुकानातून आणलेली कच्ची आतडी आणि पाय मांजराला घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ते शिजवून घाला. कच्चं मांस किंवा मेलेला पक्षी खाल्लेल्या मांजराला ताप आणि धाप लागली तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

निघेपर्यंत काय करू नये

काही भरवू नका, पाणी पाजू नका. धाप लागलेलं मांजर गिळताना ठसकतं आणि पाणी फुफ्फुसात जातं. हळद-दूध, मध, ताक सगळं बाजूला ठेवा. माणसांचं दम्याचं औषध किंवा घरात कुणाची लघवी वाढवणारी, अंगातलं पाणी काढायची गोळी असेल तीही नको. वाफ द्यायला भांड्यावर धरू नका. पाठ थोपटू नका, उलटं धरू नका, पोट दाबू नका. आणि सगळ्यांत सोपी पण कठीण गोष्ट म्हणजे उचलून कवटाळू नका. झटापट करायला लागणारी हवा त्याच्याकडे उरलेली नसते.

दवाखान्यापर्यंत

मांजराची पेटी असेल तर उत्तम. नसेल तर भाजीच्या जाळीच्या दोन प्लास्टिक टोपल्या घ्या. एकीत जुना टॉवेल घालून मांजर बसवा, दुसरी वर उलटी ठेवून कडा सुतळीने बांधा. सगळीकडून हवा येते. पोत्यात किंवा कापडी पिशवीत घालून तोंड बांधायची आपली जुनी रीत या वेळी जीव घेईल. टोपलीवर पातळ ओढणी टाकली की मांजराला रस्ता दिसत नाही आणि ते शांत राहतं, फक्त हवेची बाजू मोकळी ठेवा. ते बसेल तसं बसू द्या, आडवं करायला जाऊ नका.

दुचाकीपेक्षा रिक्षा किंवा मोटार बरी. एकाने गाडी बघायची, दुसऱ्याने मांजर. निघतानाच फोन करा: "मांजराला श्वासाचा त्रास आहे, ऑक्सिजन तयार ठेवा." दारात पोचल्यावर पुन्हा तेच सांगा. बाहेर कुत्र्यांच्या रांगेत टोपली मांडीवर घेऊन बसू नका. मागे राहणं हा सभ्यपणा इतर दिवशी शोभतो.

आत गेल्यावर "आधी एक्स-रे काढा" असा आग्रह धरू नका. अनुभवी डॉक्टर आधी ऑक्सिजन लावतात, कधी शांत करणारं हलकं इंजेक्शन देतात, आणि मांजर थोडं सावरल्यावरच हात लावतात. धापणाऱ्या मांजराला एक्स-रेसाठी जबरदस्तीने आडवं केलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. डॉक्टर लांबून नुसतं बघत उभे आहेत असं वाटलं, तरी ते त्या वेळी श्वासच मोजत असतात.

फोन आधी, संकट नंतर

मांजर ठणठणीत असताना एका रविवारी बसून हे करा. जवळच्या तीन दवाखान्यांना फोन लावा आणि चार प्रश्न विचारा. रात्री कुणी असतं का? मांजरं बघता का? ऑक्सिजन आहे का? छातीतलं पाणी काढता का? उत्तरं फ्रिजवर चिकटवा. शासनाच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची वेळही त्यात लिहा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक जवळ असावा, पण ती सेवा मुख्यतः जनावरांसाठी आहे. पथकाची वाट बघत मांजराला घरी ठेवू नका. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय कोल्हापूरहून तीनेक तासांवर आहे. मांजर स्थिरावल्यावर पुढच्या तपासण्यांसाठी तिथे जाता येईल. धापत्या मांजराला मात्र आधी जवळच्या दारी न्या.

"मांजराला कसला दवाखाना?" असं म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला झोपलेल्या मांजराशेजारी बसवा आणि मोजायला सांगा.

आमच्याकडे आता बोका आहे, ठमीनंतर गल्लीतूनच आलेला. त्याचा आकडा २२. गेल्या जानेवारीत, गच्चीवर काळ्या काड्या पडत होत्या त्या आठवड्यात, कालनिर्णयवर २४, २९ आणि मग एका दुपारी ३४ अशी नोंद आली. तासाभराने ३६. ती नोंद सासूबाईंच्या अक्षरात होती. त्याच आकडा घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "टोपली काढ." संध्याकाळी सहाला आम्ही दवाखान्यात होतो. दमा निघाला, तोही पहिल्या पायरीवरचा. डॉक्टरांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी कॅलेंडरचं पान त्यांच्यापुढे धरलं.